व्हॅल्प्रोएट सुरू झाल्यापासून बाबा मंदावलेत: औषधांमुळे मेंदूच्या पेशींची ऊर्जा खरंच घटते का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६७ वर्षांचे, नौपाड्यात आईसोबत राहतात, तुम्ही ऐरोलीला. ११ वर्षांचा मधुमेह, त्यासाठी ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ आणि मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ यांची एकत्र गोळी दिवसातून दोनदा. रात्री कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन १०, दुपारी ॲस्पिरिन ७५. पाच महिन्यांपूर्वी फिट आली आणि तेव्हापासून व्हॅल्प्रोएट सीआर ५००, सकाळ-संध्याकाळ. फिट पुन्हा आलेली नाही, पण माणूस बदलला. तलावपाळीची फेरी सुटली, चहा झाला की परत आडवे होतात, पेपर धरला की हात थरथरतो, बोलता बोलता शब्द अडतो. त्यातच सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की ‘अशा गोळ्या, खास करून कोलेस्टेरॉलची, मेंदूच्या पेशींतली बॅटरी मारतात’, आणि सोबत कोएन्झाइम क्यू-टेन (पेशीला ऊर्जा बनवताना लागणारं द्रव्य) ३०० मिग्रॅच्या कॅप्सूलचा फोटो. तुम्ही विचारताय: गोळ्या बंद करू का, आणि ही कॅप्सूल सुरू करू का?

आजच्या घडीला दोन्हींचं उत्तर ‘नाही’. पण तुमची शंका अगदी रास्त आहे. या पाचांपैकी दोन औषधं मेंदूचा ऊर्जापुरवठा खरोखर अडवू शकतात, तिसरं हळूहळू आणि आडवाटेने. गंमत अशी की ग्रुपवर जिला दोषी ठरवलंय ती कोलेस्टेरॉलची गोळी या यादीत जवळजवळ तळाला येते.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही तो एकूण ऊर्जेपैकी जवळपास २० टक्के खातो. त्यासाठी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. साठा नावालाच. रक्तपुरवठा थांबला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. पेशीत ग्लुकोज आधी फुटतं, त्यातून जेमतेम २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) हाती येतात. मग त्याचे तुकडे मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे शाळेत शिकलेल्या तंतुकणिकेत, शिरतात आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने जळतात. तेव्हा एकूण हिशेब एका ग्लुकोजमागे ३०च्या आसपास जातो. यातला मोठा वाटा सोडियम-पोटॅशियम पंप चालवण्यात खर्च होतो. चेतापेशीने एकदा संदेश दिला की आत शिरलेलं सोडियम बाहेर उपसावं लागतं, आणि त्या उपशाला एटीपी लागतो.

एवढं कळलं की ‘औषधाने ऊर्जा कमी केली’ या वाक्याचे चार वेगवेगळे अर्थ दिसतात. इंधनच पोहोचलं नाही, हा एक. इंधन आलं पण मायटोकॉन्ड्रियातली एखादी पायरी अडली, हा दुसरा. पायऱ्या चालायला लागणारी जीवनसत्त्वं संपली, हा तिसरा. आणि चौथा सगळ्यात जास्त वेळा गैरसमज करून देणारा: औषधाने पेशींचं काम कमी केलं, म्हणून ऊर्जेची मागणीच घटली. फिटवरची बरीच औषधं आणि झोपेच्या गोळ्या हे चौथं करतात. क्लोबाझाम हे फिटवरचं औषध घेणाऱ्याचा पेट स्कॅन केला तर मेंदू कमी ग्लुकोज वापरताना दिसेल. त्याचा अर्थ पेशी कमी वेळा संदेश देतायत, म्हणून उपसा कमी लागतोय. रात्री कारखान्याचं वीजबिल कमी आलं म्हणून कुणी ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणत नाही. चौथ्या प्रकारचा मंदपणा मात्रा कमी केली की जातो. पहिल्या तिघांत वेळ घालवला तर नुकसान होऊ शकतं. म्हणून औषधांचा आढावा घेताना मी आधी पहिल्या तिघांकडे बघते.

सुरुवात ग्लिमेपिराइडपासून. तुमचं लक्ष व्हॅल्प्रोएटवर आहे ते साहजिक आहे, पण मेंदूचं इंधन सगळ्यात थेट तोडणारं औषध हे आहे. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. मेंदू रक्तातून ग्लुकोज घेतो ते इन्सुलिनशिवाय; त्यामुळे रक्तातली साखर खाली गेली तर त्याच्याकडे पर्याय उरत नाही. तरुण माणसाला शुगर लो झाली की घाम फुटतो, छातीत धडधडतं, भूक लागते. साठीनंतर आणि दहा वर्षांच्या मधुमेहानंतर या खुणा बोथट होतात. मग जे दिसतं ते असं: गप्प बसणं, झोपाळणं, शब्द न सापडणं, चिडचिड. अगदी तुम्ही वर्णन केलंय तसं. हातांच्या कंपासाठी किंवा बीपीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर धडधड आणि थरथर आणखी झाकली जाते, घाम तेवढा येतो.

तुम्ही लिहिलंय की त्यांचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.२ आहे आणि डॉक्टरांनी ‘उत्तम’ म्हटलं. नुसत्या मेटफॉर्मिनवर ६.२ असतं तर मीही खूश झाले असते. ग्लिमेपिराइडवर असलेल्या ६७ वर्षांच्या माणसात ६.२ म्हणजे साखर मधूनमधून खूप खाली जातेय का, हे तपासण्याचं कारण. या वयात तब्येत बरी असलेल्यांसाठीही ७ ते ७.५च्या आतबाहेर पुरतं, बाकी आजार असतील तर ८ पर्यंतही चालवून घेतात. त्यात दोन गोष्टी पाहा. पहिली, किडनी. क्रिएटिनिन वाढलं असेल तर ग्लिमेपिराइडचा परिणाम रेंगाळतो. दुसरी, जेवणाच्या वेळा. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार. आईने उपवास धरला की बाबाही साबुदाण्याच्या चार चमच्यांवर भागवतात आणि गोळी मात्र नेहमीची घेतात. आता तर झोपाळल्यामुळे त्यांचं खाणंही घटलं असेल. म्हणजे व्हॅल्प्रोएटने भूक-झोप बिघडवली आणि शुगर दुसऱ्याच गोळीने पाडली, असंही होऊ शकतं.

ग्लुकोमीटर घरात असेलच. सकाळची उपाशीपोटीची साखर इथे फारशी कामाची नाही. ज्या क्षणी ते भंजाळलेले किंवा गुंगीत वाटतात, त्या क्षणी बोट टोचा. शिवाय तीन रात्री पहाटे ३ वाजता आणि तीन दिवस दुपारच्या जेवणाआधी मोजा. वेळ, आकडा आणि तेव्हा ते कसे दिसत होते, हे वहीत लिहा. ७०च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी परत मोजा, अजून खालीच असेल तर पुन्हा द्या. साखर द्यायची तर पाण्यात सपाट चार चमचे. पेढा, चॉकलेट, दूध नको. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर होतो. एक बारकावा बऱ्याच घरांत माहीत नसतो. बाबांच्या पाकिटावर तिसरं नाव व्होग्लिबोज असेल (अशा तीन औषधांच्या गोळ्या आपल्याकडे भरपूर चालतात), तर घरातली साखर लवकर उपयोगी पडत नाही, कारण साखर फोडणारं आतड्यातलं विकरच ते औषध अडवतं. तेव्हा केमिस्टकडची ग्लुकोजची पावडरच लागते. ती घरात आणून ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. आणि ग्लिमेपिराइडवर शुगर एकदा पडून वर आली, तरी २४ तासांत परत पडू शकते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून माणसाला एकटं झोपू देऊ नका. ५४च्या खालचा आकडा एकदा जरी आला तरी त्याच दिवशी मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवा.

आता व्हॅल्प्रोएट. याच्यावर सविस्तर लिहिते, कारण इथे मायटोकॉन्ड्रिया खरोखर गुंतलेला आहे, फक्त बहुतेक वेळा मेंदूचा नाही, यकृताचा.

व्हॅल्प्रोएट म्हणजे एक लहानसं फॅटी ॲसिडच. यकृताची पेशी त्याला इतर फॅटी ॲसिडसारखंच मायटोकॉन्ड्रियात ओढते आणि कोएन्झाइम-ए (चरबी जाळायला लागणारं साहाय्यक द्रव्य) जोडते. त्यात कोएन्झाइम-ए अडकून पडतं. दुसरीकडे व्हॅल्प्रोएट कार्निटिनला जोडलं जाऊन लघवीवाटे बाहेर पडतं, आणि जाताना कार्निटिन घेऊन जातं. लांब साखळीच्या चरबीला मायटोकॉन्ड्रियात शिरायला कार्निटिनच लागतं. म्हणजे यकृतातलं चरबीचं ज्वलन दोन्हीकडून मंदावतं. त्यातून ॲसिटिल-कोएन्झाइम-ए कमी बनतं आणि त्यापासून तयार होणारं एन-ॲसिटिलग्लुटामेटही कमी पडतं. हे शेवटचं द्रव्य युरिया चक्राच्या पहिल्या विकराची किल्ली आहे. किल्ली कमी, म्हणून अमोनियाचा युरिया व्हायचा राहतो आणि अमोनिया रक्तात चढतो.

अमोनिया मेंदूत शिरला की त्याचा निचरा ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी करतात. त्या ग्लुटामेटला अमोनिया जोडून ग्लुटामिन बनवतात. अमोनिया जास्त झाला तर ग्लुटामिन साठतं, पेशी पाणी धरून फुगतात. शिवाय क्रेब्ज चक्रातलं, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात इंधनाचे तुकडे जाळणाऱ्या साखळीतलं, अल्फा-कीटोग्लुटारेट डीहायड्रोजिनेज हे विकर मंदावतं. मेंदू स्वतः चरबी फारशी जाळत नाही, त्यामुळे व्हॅल्प्रोएटने चरबीचं ज्वलन अडवलं तरी चेतापेशीला थेट फटका कमी बसतो. तिला त्रास होतो तो यकृतात न झालेल्या कामाचा. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे: एसजीपीटी, बिलिरुबिन पूर्ण नॉर्मल असताना अमोनिया वाढलेला असू शकतो. ‘लिव्हर टेस्ट नॉर्मल आहे, म्हणजे गोळीचा संबंध नाही’ असं कुणी म्हणालं तर अमोनिया तपासला का, हे नम्रपणे विचारा. पुढे कधी टोपिरामेट किंवा फिनोबार्बिटॉन जोडलं गेलं तर ही शक्यता आणखी वाढते.

अमोनियाच्या चाचणीत मात्र घोटाळा फार होतो. रक्त काढल्यावर नळीतच अमोनिया वाढत राहतो. घरी येणाऱ्या मुलाने दंडाला पट्टा बांधून हात मुठीत आवळायला लावला, नळी साध्या पिशवीत टाकली आणि ती कापूरबावडीच्या ट्रॅफिकमधून तासाभराने लॅबला पोहोचली, तर निरोगी माणसाचा आकडाही वर दिसेल. त्यावरून कुणी धावपळीत व्हॅल्प्रोएट बंद करेल आणि फिट येईल. त्यामुळे ही एक चाचणी घरी करूच नका. ज्या हॉस्पिटलच्या आवारात स्वतःची लॅब आहे तिथे बाबांना घेऊन जा. शक्य तितका पट्टा न बांधता, मूठ न आवळता रक्त घ्यावं, ईडीटीएच्या नळीत, लगेच बर्फात ठेवावं, आणि १५-२० मिनिटांत प्लाझ्मा वेगळा व्हावा. हे आधी फोन करून विचारता येतं. चांगल्या लॅबला हा प्रश्न नवीन नसतो. प्रत्येक लॅबची नॉर्मल मर्यादा आणि एकक वेगळं असतं, त्यामुळे दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडू नका. आणि थोडासा वाढलेला अमोनिया कसलीच तक्रार नसलेल्या व्हॅल्प्रोएटच्या रुग्णांतही सापडतो. आकडा आणि माणूस दोन्ही जुळले तरच त्याला अर्थ.

व्हॅल्प्रोएटची पातळीही तपासा. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्या, गोळी नंतर. छापील मर्यादा ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. पण हे औषध ९० टक्क्यांच्या आसपास रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं आणि मेंदूत जाते ती फक्त मोकळी मात्रा. वय झालेल्या, खाणं कमी झालेल्या माणसाचं अल्ब्युमिन कमी असतं. तेव्हा एकूण पातळी ८० दिसली तरी मोकळं औषध जास्त असू शकतं. ॲस्पिरिनही त्याला अल्ब्युमिनवरून ढकलतं. ७५ मिग्रॅला हा परिणाम लहान असतो, वेदनेसाठी घेतलेल्या मोठ्या मात्रेला मोठा. म्हणून अल्ब्युमिन सोबतच मागवा.

पाकीटही एकदा नीट वाचा. सीआर ५०० वर ‘सोडियम व्हॅल्प्रोएट ३३३ मिग्रॅ व व्हॅल्प्रोइक ॲसिड १४५ मिग्रॅ’ असं छापलेलं असतं. ही दोन औषधं नाहीत, दोन्ही मिळून ५०० मिग्रॅ सोडियम व्हॅल्प्रोएटच्या बरोबरीची होतात. पण घरात डायव्हॅल्प्रोएक्स नावाची आणखी एखादी गोळी, डोकेदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली, पडली असेल तर तेही हेच औषध. दुप्पट मात्रेची ही चूक अगदी साध्या घरांत होते. सीआर गोळी कुटून द्यायची नाही. कुटली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

थरथर आणि संथपणा यांचं आणखी एक स्पष्टीकरण आहे, आणि त्यात अमोनिया नॉर्मल असतो. व्हॅल्प्रोएटने हातांचा कंप मात्रेनुसार येतो. काही वयस्क रुग्णांत तर महिन्यामहिन्याने वाढत जाणारा संथपणा आणि विसराळूपणा येतो, जो थेट पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशासारखा दिसतो. मायटोकॉन्ड्रियाचा यात किती वाटा, हे अजून नक्की ठरलेलं नाही. पण औषध बदलल्यावर बहुतेकांत तो उलटतो. म्हणून व्हॅल्प्रोएटवरच्या माणसाला पार्किन्सनची गोळी सुरू करण्याआधी व्हॅल्प्रोएटचा विचार व्हायलाच हवा.

एक शक्यता तर औषधाबाहेरची आहे. फिटच्या वेळी ते पडले होते, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. व्हॅल्प्रोएटने प्लेटलेट्स कमी होऊ शकतात, त्यात ॲस्पिरिन. कवटीच्या आत हळूहळू साठणारं रक्त आठवड्यांनंतर अशाच झोपाळूपणाने दिसतं. नंतर पुन्हा कधी डोकं आपटलंय का, आणि स्कॅन फिटच्या दिवशीच झाला होता की नंतरही, हे डॉक्टरांना सांगा. परत सीटी करायचा की नाही, हे ते तपासून ठरवतील.

आता तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीकडे येते. ‘बाबांना कानाचं मशीन आहे, आजीलाही होतं’, असं तुम्ही लिहून सोडून दिलंय. साठीनंतर ऐकू कमी येणं सर्रास आहे, त्यामुळे घाबरू नका. पण मधुमेह, बहिरेपण आणि फिट हे तिन्ही एकत्र, त्यातही आईकडून आलेलं वाटलं, की मी थांबून चौकशी करते. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. त्यात ३२४३ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदललेलं असलं तर मधुमेह आणि बहिरेपण एकत्र येऊ शकतं. त्याच बदलाने काहींना फिट आणि पक्षाघातासारखे झटकेही येतात. तेव्हा तपासा: बाबांना ऐकू यायचं कमी झालं ते चाळिशीच्या आतच का? हा डीएनए बाबांना त्यांच्या आईकडून आलेला, म्हणून विचारतेय: आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, मधुमेह होता का, आणि बाबांच्या सख्ख्या बहीण-भावांत कुणाला आहे का? बाबा लहान चणीचे, सडपातळ आहेत का? पापण्या खाली ओघळलेल्या वाटतात का? उत्तरं ‘हो’कडे झुकली तर मेंदूविकारतज्ज्ञांना हे चार मुद्दे कागदावर लिहून द्या. चाचणी करायची ठरली तर वयस्कांत रक्तापेक्षा लघवीतल्या पेशींत हा बदल जास्त नीट सापडतो, कारण रक्तातलं त्याचं प्रमाण वयाबरोबर घटत जातं. आणि हा बदल निघाला तर व्हॅल्प्रोएट आणि मेटफॉर्मिन दोन्ही शक्यतो टाळले जातात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बनवणाऱ्या पॉलिमरेज-गॅमा या विकराच्या दोषात तर व्हॅल्प्रोएट निषिद्धच आहे. त्यात यकृत निकामी होऊन जीव जाऊ शकतो. बाबांच्या वयाला हा दोष कमी संभवतो, लहान मुलांत जास्त. पण घरात कुणा मुलाला न थांबणाऱ्या फिट आणि विकास खुंटण्याचा इतिहास असेल तर तोही सांगा.

मेटफॉर्मिनबद्दल ग्रुपवर फिरतं ते ‘कॉम्प्लेक्स-वन अडवतं’ हे वाक्य अर्धं खरं आहे. मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीची ती पहिली पायरी, आणि मेटफॉर्मिन तिला हलकेच दाबतं. पण परीक्षानळीत जे दिसतं ते बऱ्याचदा गोळी घेणाऱ्याच्या रक्तातल्या मात्रेच्या शेकडो पट तीव्रतेला. यकृतात औषध आतड्यातून थेट, जास्त प्रमाणात येतं, म्हणून परिणाम तिथे होतो. मेंदूला त्रास होतो तो बी-१२च्या वाटेने. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यावर आतड्यातून बी-१२ कमी शोषलं जातं, आणि शाकाहारी घरात साठा मुळातच तोकडा असतो. बी-१२शिवाय मायटोकॉन्ड्रियातली एक पायरी अडते आणि मज्जातंतूंवरचं आवरणही बिघडतं. ११ वर्षं मेटफॉर्मिन म्हणजे चाचणी हवीच. २०० पिकोग्रॅम प्रति मिलीच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० असेल तर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड बघून ठरवतात. चाचणीआधी कुठली ‘ताकदीची’ गोळी चालू असेल तर आकडा खोटा चांगला येतो, म्हणून ती सांगा. हिमोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणून बी-१२ ठीक, असं नसतं. आणि नुसती फॉलिक ॲसिडची गोळी देऊ नका. रक्त सुधारतं आणि मज्जातंतूंचं नुकसान चालू राहतं.

आता स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, आटोपते. कोलेस्टेरॉल आणि क्यू-टेन एकाच रासायनिक वाटेवर बनतात, म्हणून स्टॅटिनने रक्तातलं क्यू-टेन घटतं हे खरं. पण रक्तात ते एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, कणांवरून फिरतं, आणि एलडीएलच कमी केलंय. मेंदू आपलं क्यू-टेन स्वतः बनवतो. मोठ्या चाचण्यांत स्टॅटिनमुळे बुद्धी ढासळल्याचं दिसलेलं नाही. क्वचित कुणाला विसराळूपणा जाणवतो, तो गोळी थांबवल्यावर जातो. क्यू-टेनची कॅप्सूल घेतल्याने मेंदूची बॅटरी भरते का? पार्किन्सनच्या ६०० रुग्णांवर १२०० आणि २४०० मिग्रॅ देऊन बघितलं गेलं, २०१४ला निष्कर्ष आला. फायदा दिसत नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली होती. तुमच्या हातातली ३०० आहे. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन चालू असेल तर ती त्याचा परिणाम कमी करू शकते. पैसे ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सवर घाला.

‘औषध मायटोकॉन्ड्रिया मारतं’ हे खरोखर कुठे घडतं, तेही सांगते, म्हणजे फरक कळेल. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात नशेच्या, अफूसारखा परिणाम करणाऱ्या कृत्रिम पावडरीत ती बनवताना एमपीटीपी ही अशुद्धी तयार झाली होती. ते टोचून घेणाऱ्या तरुणांचं अंग काही दिवसांत पार्किन्सनसारखं आखडलं. मेंदूत त्यापासून तयार होणारं विष डोपामिनच्या पेशींमध्ये ओढलं जातं आणि तिथे कॉम्प्लेक्स-वन अडवून त्या पेशी मारतं. १९८३मध्ये हा संबंध प्रसिद्ध झाला. विषारी दारूतलं मिथेनॉलही याच जातीचं: त्यापासून बनणारं फॉर्मेट साखळीतली चौथी पायरी बंद करतं आणि डोळ्यांच्या नसा जातात. आणि आपल्या भागातल्या बऱ्याच घरांना लागू पडेल असं एक वैध औषध म्हणजे लिनेझोलिड, औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या उपचारातलं. जिवाणूंचे रायबोझोम अडवताना ते मायटोकॉन्ड्रियाचेही थोडे अडवतं, कारण दोघांची जडणघडण जवळची. महिन्याच्या पुढे चाललं की पायांत मुंग्या, नजर धूसर होणं, रक्त कमी होणं, लॅक्टेट वाढणं यांवर लक्ष ठेवावं लागतं. रंग फिके दिसायला लागले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी केंद्रात सांगायचं. औषध मात्र स्वतःहून सोडायचं नाही.

तेच बाबांच्या व्हॅल्प्रोएटलाही लागू. फिट चालू असताना मेंदूचा ऊर्जाखर्च नेहमीच्या दुप्पट-तिपटीवर जातो. गोळी एकदम थांबवल्यावर न थांबणारी फिट लागली तर मेंदूच्या पेशींवर येणारा ऊर्जेचा ताण कुठल्याही मंदपणापेक्षा मोठा असतो. अमोनियामुळे बंद करायचं ठरलं तर हॉस्पिटलात दुसरं औषध, बहुतेकदा लेव्हेटिरासेटाम, सोबत चढवूनच करतात. गुंगी जास्त असेल तर शिरेतून लेव्हो-कार्निटिन देतात, सुरुवातीला वजनाच्या किलोमागे १०० मिग्रॅ, जास्तीत जास्त ६ ग्रॅम. ते घरी घ्यायचं औषध नाही. आणखी एक, जे वेळेवर कुणी सांगत नाही: बाबांना कधी लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी दाखल करावं लागलं आणि मेरोपेनेम हे प्रतिजैविक लावायचं ठरलं, तर व्हॅल्प्रोएट चालू असल्याचं आवर्जून सांगा. मेरोपेनेमने व्हॅल्प्रोएटची पातळी एक-दोन दिवसांत धाडकन खाली येते आणि मात्रा वाढवूनही भरून येत नाही.

तर क्रम असा. आज रात्रीपासून ग्लुकोमीटर आणि वही. याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि या चाचण्या करू का, असं आधीच विचारून ठेवा: व्हॅल्प्रोएटची पातळी, अमोनिया, अल्ब्युमिन, एसजीपीटी, प्लेटलेट्ससह सीबीसी, क्रिएटिनिन, सोडियम, बी-१२, टीएसएच. जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि ‘शक्ती’ची धरून. उलट्या सुरू झाल्या, हाक मारून उठेनासे झाले, हात पुढे धरल्यावर पंजे फडफडायला लागले, डोळे पिवळे दिसले किंवा फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, तर वेळेची वाट बघू नका, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

काय निघतं त्यावर सुधारणा किती लवकर दिसेल ते ठरेल. शुगर पडत असेल तर ग्लिमेपिराइड कमी किंवा बंद झाल्यावर दोन-तीन दिवसांत चेहरा बदलतो. अमोनिया असेल तर उपचार सुरू झाल्यावर सहसा काही दिवसांत गुंगी उतरते. बी-१२ला आठवडे-महिने लागतात, आणि जुनं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. व्हॅल्प्रोएटचाच संथपणा असेल तर औषध बदलल्यावर हात आधी स्थिरावतात, आणि शब्द, चाल, तलावपाळीची फेरी हे सावकाश, कधी तीन-चार महिन्यांनी परत येतं. म्हणून औषध बदलल्यावर पहिल्या पंधरवड्यात फरक नाही म्हणून खचू नका. बाबांची एक सही आजच्या तारखेची कागदावर घेऊन ठेवा, आणि दर रविवारी तिच्याखाली पुन्हा एक घ्या. कंप कमी होतोय का, हे ती रांग डॉक्टरांना दाखवेल.